डोमाबाईला आणायला वडशापलीकडे

मूल गावच्या टेसनावर दुपारची छोटी गाडी आली आणि मी शिदोरी काखेत मारून चढलो. सोबत कोणाला घेतलं नाही. शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) यंदा कोणाची दंडार आणायची यावर गावात वाद झाला, तेव्हा मीच सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "डोमाबाई आणतो. नाही आणली तर पटावर पाय ठेवणार नाही."

दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं नाटक. त्यात बाईचं सोंग पुरुषच घेतो. डोमाजी असा गाणारा. चांद्यापासून वडशापर्यंत त्याला डोमाबाईच म्हणत. त्याची गाणी बाया बांधीत (धानाच्या शेतात) रोवणा (लावणी) करताना म्हणत. कमरेखाली पोचणारे केस त्याचे स्वतःचे. गंगावन त्याने कधी लावलं नाही.

नागभीडला चहा घेतला, तो नुसता गूळपाणी. पुढे वैनगंगेचा पूल लागला. नदी एका कडेला सरकली होती आणि उरलेल्या रेतीत लोक डांगरं (टरबुजं) लावत होते. शेजारी एक कापडवाला बसला होता.

"कुठी जाता जी, बाबाजी?"

"डोमाबाईले आणाले."

"थे तं कुठीच गाऊन नाई राह्यली म्हणते. काऊन, कोण जाणे."

मी म्हटलं, माझ्यासाठी गाईल.

वडशाला धर्मशाळेत झोपलो. सकाळी बांबू वाहणाऱ्या रिकाम्या बंडीत (बैलगाडीत) जागा मिळाली, पण सागाच्या रानात बंडीचं चाक निखळलं. बंडीवाला म्हणाला, थांबा. मी थांबलो नाही. नाल्यातून चालत गेलो, धोतर मांडीपर्यंत भिजलं, पण दुपारच्या आत गाव गाठलं.

डोमाजीच्या ओसरीवर एक माणूस बांबूच्या कमच्या (पातळ पट्ट्या) काढत बसला होता. डोक्यावर खुंटाएवढे केस.

"डोमाबाईले बोलवा," मी म्हणालो. "मूलकडून आलो. तिचे केस पाहाले आमचा गाव वाट पाहून राह्यला."

त्याने कमची खाली ठेवली. डोक्यावरून हात फिरवला.

"पाहा मंग. हे उरले."

तोच डोमाजी होता. माय वारली, तेव्हा त्याने डोकं दिलं (मुंडण केलं) होतं. बापाने लहानपणी बाईचं सोंग घेतो म्हणून झोडपलं, तर मायनेच पाठीशी घातलं. टोरीचं तेल (मोहाच्या बियांचं) लावून ती त्याची वेणी घालायची. चार जिल्ह्यांत नाव झालं, तरी दंडारीला निघायच्या आधी वेणी तिच्याच हातची.

"आता कोण पाह्यते मले?" तो म्हणाला. "तुमीच म्हणता ना, लोक केस पाहाले येते."

त्याच्या बायकोने पान वाढलं. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. वास सुटला होता. मी हात लावला नाही.

"हो म्हणा, मंग जेवतो."

"म्हातारा हाय का हट्टी पोट्टा?" बाई कडाडली. मग नवऱ्याकडे वळली. "घरून पाव्हना उपाशी गेला तं लोक मलेच बोलतीन. गाऊ नोका जी, पण ह्याच्या संगं जा तं!"

डोमाजीने कमच्या गोळा करून बाजूला सारल्या. "येतो," तो म्हणाला. "पण गाणार नाई. लोकाइले डोकं दाखवतो अन वापस येतो."

मी दोनदा भात मागून घेतला.

पटाच्या दिवशी तो धोतर-टोपीत बंडीवर उभा राहिला. टोपी काढली. गर्दीतून एकजण ओरडला, "हा कोणता बुढा आणला बे? डोमाबाई कुठी हाय?" लोक हसले. डोमाजी खाली उतरायला वळला. बोललो होतो त्याप्रमाणे आता मला पटावर पाय ठेवता येणार नव्हता, हे तर होतंच. पण हा माणूस आज उतरला तर पुन्हा कुठेच चढणार नाही, हे मला दिसत होतं.

तणसावर (भाताच्या पेंढ्यावर) बसलेल्या बायांमधून आमच्या गावच्या सखूबाईने त्याचंच रोवण्याचं गाणं उचललं. चाल पार वाकडी. बाकीच्या बायाही तशाच वाकड्या लागल्या. डोमाजीने एक कडवं सोसलं. दुसऱ्याला एक पाय चाकावर, एक अधांतरी, तसाच थांबला.

"अवं बाई, तसं नाई वं!"

"मंग कसं? सांगा ना!" सखूबाई म्हणाली.

आणि त्याने सांगितलं. आधी एक ओळ, मग अख्खं गाणं. बंडीवर परत कधी चढला ते त्यालाही कळलं नसावं. जुंपलेले बैल तसेच उभे राहिले, पट तासभर लांबला आणि कोणी कुरकुर केली नाही. सखूबाई मुद्दाम चुकली का, ते मी तिला विचारलं नाही. आवाज तिचा चांगला आहे.

त्याला पोचवायला मूलला गेलो, तर टेसनावर दुसऱ्या गावची माणसं गाण्याची सुपारी घेऊन उभी. डोमाजीने टोपी काढून डोकं पुढे केलं.

"आधी हे पाहून घ्या. मंग सुपारी द्या."

त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने पाहिलं, सुपारी हातावर ठेवली आणि विचारलं, "बंडी कोणत्या टेसनावर पाठवू जी?"

गाडी गेली. मी बैल घराकडे वळवले. केस त्याने पुढे वाढवले नाहीत, गाणं मात्र सोडलं नाही. आता पुष्कळ गावं म्हणतात की केसांविना तो पहिल्यांदा त्यांच्याच गावी गायला. म्हणू द्या. आणायला मी गेलो होतो.