पिठाचे हात आणि फिदाल्गा

…तर पुराचं पाणी घराच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं आणि ओदीलियाच्या उजव्या मनगटावर दातांची नवी नक्षी उमटली होती. विषाची भीती नव्हती. जिबोया ही अजगराच्या गोतातली, विळखा घालणारी. पण सुईसारखे ते दात रुतले की भलाभला बोंबलतो. ओदीलिया मात्र रक्त पुसता पुसता वर आढ्याकडेच बघत होती. तिला राग आलाच नव्हता, नवल वाटत होतं.

"अगं, दोन वर्षं माझ्या कोठारातले उंदीर खातेस, आणि मलाच ओळखत नाहीस?"

आढ्यावर वेटोळं घालून बसलेली फिदाल्गा फक्त फुसफुसली. फिदाल्गा म्हणजे मानकरीण. नाव ओदीलियानंच ठेवलेलं, आणि ऐटही तशीच. ओदीलियाचा धंदा पीठ विकायचा. पिठाचं कोठार म्हटलं की उंदीर आले, आणि उंदीर आले की आमच्या नदीकाठी घरात जिबोया पाळतात. मांजर खाऊन झोपतं, जिबोया झोपूनही उंदरांना धाक लावते. ओदीलियाच्या मावशीकडची जिबोया तर पाळण्यातल्या पोरासारखी अंगाखांद्यावर असायची. ही मात्र बुजरी. कुणी हात लावलेला हिला खपायचा नाही.

एरवी ते चाललंही असतं. दर पुरात घरातली जमीन फळ्या टाकून वर उचलायची, माणसांनी आढ्याखाली वाकून चालायचं, फिदाल्गानं वरच राहायचं. पण यंदा नदीचं लक्षण वेगळं होतं. कोठार रिकामं करून वरच्या गावी बहिणीकडे जायचं ठरलं, आणि नाव होती दिराची, गावदेंसियोची.

"वहिनी, पोती घेतो, कोंबड्या घेतो, तुमची ती मोडकी खुर्चीसुद्धा घेतो," गावदेंसियो म्हणाला. "पण ही बया तुमच्या हातात गप्प राहिली तरच नावेत. नाहीतर राहू दे इथंच. माझ्या नावेत पोरंबाळं असतात."

इथंच राहू दे म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. घर बुडलं की पोहत कुणाच्या तरी दारात जायची, आणि दारात कोयता तयारच असतो.

पायऱ्या एकूण सहा. तीन बुडाल्या, तीन उरल्या.

मावशीनं शिकवलेलं सगळं ओदीलियानं केलं. खाल्ल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही नाही. वरून हात न्यायचा नाही, कारण वरून येते ती घार. आधी काठीनं पाठीच्या मध्यावर हलकंच टेकवायचं, म्हणजे तिला कळतं की हे खाणं नव्हे. मग दोन्ही हात खालून घालायचे. काठीपर्यंत सगळं ठीक चालायचं. हात पुढे आला की फिदाल्गाची मान इंग्रजी एससारखी वळायची, आणि फटकन!

आणि त्यातच जेसुइनो आला. जेसुइनो म्हणजे शेजारचा जाळी विणणारा म्हातारा, ओदीलियाच्या लेकीचा धर्मबाप, म्हणून तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. फळी उचलायला मदत करत होता. आढ्याला हात टेकून उभा राहिला, तर फिदाल्गा सावकाश उतरली, त्याच्या दंडावरून जीभ लवलवत पलीकडच्या वाशावर गेली. जणू वाटेत एक फांदी लागली.

"कोंपाद्रे, तुम्ही तिला काय केलंत?"

"मी? मी तर खिळा शोधत होतो."

ओदीलियाला झोप लागेना. हा म्हातारा असं काय करतो, जे मी करत नाही? एक फरक उघड होता: तो बोलत नाही, ती थांबत नाही. म्हणून एक अख्खा दिवस ती गप्प राहिली. घाटावरचे शेजारी काळजीत पडले, दोन बायका काढा घेऊन आल्या. आणि संध्याकाळी फिदाल्गानं चावा घेतलाच. मग तिला वाटलं, हळूपणा असेल. जेसुइनोसारखी गुडघे धरत चालून पाहिलं. पुन्हा चावा. चौथी पायरी बुडाली.

पाचव्या दिवशी काठीच्या टोकाला कोठारातलं फडकं बांधून ती आढ्यावरची धूळ झटकत होती, तर फिदाल्गा त्या फडक्यावर तुटून पडली. ओदीलिया थबकली. जेसुइनोकडे धावत गेली, त्याचं हात पुसायचं फडकं मागितलं, ते काठीला बांधलं. फिदाल्गानं जिभेनं चाचपलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा पिठाचं फडकं. फटकन!

"अरे देवा," ती खाली फतकल मारून बसली. "माझे उंदीर माझंच पीठ खातात!"

"मग?" जेसुइनो म्हणाला.

"मग काय! उंदरांना पिठाचा वास, आणि मलाही पिठाचाच. तिच्या हिशेबानं मी एक भला थोरला उंदीर आहे, कोंपाद्रे."

जेसुइनोनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "थोरला म्हणजे चांगलाच थोरला, कोमाद्रे."

चाळीस वर्षांचं पीठ साबणानं जातंय होय! जेसुइनो जाळी ज्यात भिजवतो त्या झाडाच्या सालीच्या काढ्यात तिनं कोपरापर्यंत हात बुडवले. हात विटेसारखे लाल झाले. आणि त्याहून अवघड गोष्ट, पिठाला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत माप तिनं दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. आता गिऱ्हाइकं स्वतःच मापून घेऊ लागली, आणि प्रत्येकाच्या मापाला डोंगरासारखं शिखर. ती दुरून बघायची, लाल हात पाठीमागे बांधून, दात आवळून.

"दोना ओदीलिया, जाळं टाकायला निघालात की काय?" तिचे लाल हात बघून एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"हो, आणि पहिला मासा तूच. शिखर उतरव!"

पहिल्या दिवशी नुसता हात समोर धरला. दुसऱ्या दिवशी पाठीवर टेकवला. अंग दगडासारखं घट्ट झालं, पण मान वळली नाही. तिसऱ्या दिवशी उचललं आणि दहा श्वास मोजून परत ठेवलं. मग वीस. पाचवी पायरी गेली तेव्हा फिदाल्गा तिच्या दंडावर सैल पडू लागली होती, ओल्या दोरासारखी.

सहाव्या पायरीवर पाणी आलं त्या सकाळी गावदेंसियोची नाव दाराला लागली. पोती चढली, कोंबड्या चढल्या, मोडकी खुर्ची चढली. ओदीलियानं दोन्ही हात खालून घातले. फिदाल्गा उतरली, दंडाला वेढा घालून तिच्या गळ्याशी आली आणि कानापाशी जीभ लवलवू लागली. गावदेंसियो वल्हं धरून उभा. ओदीलिया शांतपणे नावेत बसली, आणि नाव सुटली.

नाव धारेला लागल्यावर गावदेंसियो म्हणाला, "हे ठीक आहे, वहिनी. पण वरच्या गावी पुन्हा पीठ विकायला बसाल, हाताला पुन्हा तोच वास लागेल. मग?"

त्यावर ओदीलिया जे बोलली ते शब्दन् शब्द असं:

"मग माप तू धर, गावदेंसियो. तिलाही एखादा उंदीर लागेलच ना."