शिफ्ट चालू हाय

म्हशीच्या डाव्या कुशीत, बरगड्या संपतात तिथल्या खड्ड्यात, मामा मूठ रुतवून, आतलं पोट हलतंय का ते अजमावत उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. मग कुणी बोलायचं नाही. म्हशीच्या मालकाने नाही, त्याच्या बायकोने नाही आणि डॉक्टर असले तरी मीसुद्धा नाही. दोनेक मिनिटांनी त्यांचा एक डोळा उघडायचा. "शिफ्ट चालू हाय," असं ते म्हणाले की घरात चहाचं आधण चढायचं. "शिफ्ट बंद हाय," म्हणाले की मालकाचा चेहरा उतरायचा आणि मामा बाह्या वर सारायला लागायचे.

रोह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. नाव भारदस्त असलं तरी काम जखमा धुण्याचं, जनावर धरण्याचं, औषध पाजण्याचं. मी तिथली डॉक्टर. पेणला राहते आणि एसटीने जाऊन-येऊन करते. गावोगावचे लोक मात्र त्यांना 'डाक्टर' म्हणायचे आणि मला 'डाक्टरांच्या मॅडम'. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जायची. तुम्हीच सांगा, पाच वर्षं घासून पदवी घेतली ती यासाठी?

पहिल्याच महिन्यात खांबला, मामांच्याच गावात, एका म्हशीने दावं तोडून तांदळाच्या पिंपात तोंड घातलं. पोट आंबलं, म्हैस आडवी झाली. मी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली, ती उठलीही. पण चौथ्या दिवशीसुद्धा पेंढ्याला तोंड लावेना. मी आणखी एक इंजेक्शन भरायला घेतलं तेव्हा मामा हळूच म्हणाले, "मॅडम, मालकीण वाचली. पण आतले कामगार मेले, त्यांचा काय?"

त्यांचं घर दोन घरं पलीकडे. दारात त्यांची म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी, निवांत रवंथ करत बसली होती. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले. तिच्या गळ्यातून घास वर सरकताना दिसला, तसा त्यांनी जबड्यात हात घालून तो हिरवा गोळा अलगद काढून घेतला. असे चार-पाच गोळे झाले. ते कोमट पाण्यात कालवून त्यांनी बांबूच्या नळकांड्यातून आजारी म्हशीच्या घशात ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेंढा ओढत होती. हे सगळं माझ्या पुस्तकात होतं. परीक्षेत त्यावर दोन ओळी लिहून मी मार्कसुद्धा मिळवले होते. करायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

"म्हैस पेंढा खाते असा आपल्याला वाटतो," मामा मला समजवायचे. "पेंढा खाणारे आतले. लाखोंनी हायेत, दिसत नाय येवढेच. ते पेंढा कुजवतात, त्यातला सत्त्व हिला देतात. ही त्यांना ऊब देते, टायमावर चारा देते. त्यांच्याबिगर हिनं भाराभर खाल्ला तरी अंगी लागायचा नाय. कंपनीच हाय ती, मॅडम. मालकीण नुसती बसून."

एकदा सकाळी मी पेणहून बसले होते, ते खांबला चढले. हातात स्टीलचा थर्मास. मी घरून चहा न घेता निघालेले. "मामा, आज घरचा चहा वाटतं?" म्हणत मी झाकण उघडलं. अगं बाई! आत चांदीच्या रवंथाचं हिरवं पाणी, आणि सगळ्या एसटीत त्याचा आंबूस वास पसरला. कंडक्टर ओरडला, पुढच्या बाईने नाकाला पदर लावला. मामा मात्र झाकण बंद करायच्या घाईत. "गार नका करू, मॅडम! थंडीनं मरतील बिचारे!" कोलाडला उतरून त्यांनी मला टपरीवरचा चहा पाजला आणि आठवडाभर 'घरचा हवा का?' म्हणून छळलं.

मग तीन वर्षांपूर्वी एका बैलाने त्यांच्या पायावर पाय दिला. जखम चिघळली. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण दोन-अडीच महिने एकामागून एक कडक अँटिबायोटिकं द्यावी लागली. पाय बरा झाला आणि जुलाब सुरू झाले. थांबायचे, पुन्हा लागायचे. त्यावर आणखी गोळ्या, पुन्हा तेच. ताकभात झाला, पेज झाली, डाळिंबाची साल झाली. "खातो सगळा. अंगी लागत नाय," ते म्हणायचे. शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटून उभी राहायला लागली. तरी कामावर यायचे.

एके दिवशी बाहेरच्या बाकावर बसले होते. मला हाक मारली. "मॅडम, येक इचारू? पण हसायचा नाय."

"विचारा की."

"माझ्या आतले कामगार मेलेत. गोळ्यांनी मेले. म्हशीला करतो तसा... दुसऱ्या माणसाच्या पोटातला माझ्यात घालता येत नाय का? माणूस रवंथ करत नाय, म्हंजे ते खालूनच घ्यावा लागंल. पण होईल ना?"

हसायचं नाही असं सांगितलं होतं त्यांनी. मी हसले. पोट धरून हसले. "शी! मामा, तुम्ही काय म्हैस आहात का?" एवढ्यावर तरी थांबावं? दुपारी एक सहकारी आले होते, त्यांना मी हे रंगवून सांगितलं. तेही खो खो हसले. तेवढ्यात मामाच चहा घेऊन आत आले. त्यांनी ऐकलं होतं. कप ठेवले, तेही थोडे हसले आणि गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

चार महिन्यांनी ते गेले. शेवटी मी भेटायला गेले तेव्हा अंथरुणात मामा असे दिसतच नव्हते, नुसती चादर. माझा हात धरून त्यांनी स्वतःच्या पोटावर ठेवला आणि डोळे मिटले. शिफ्ट चालू की बंद? मी काय सांगणार होते?

गेल्या महिन्यात आमचं एक प्रशिक्षण होतं. पोटाच्या विकारांवर बोलायला माणसांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. एका जनावराचा रवंथ दुसऱ्याला पाजण्याचा विषय निघाला तशा त्या सहज म्हणाल्या, की आता हे माणसातही करतात. जास्त अँटिबायोटिकांनंतर पुन्हा पुन्हा उलटणारे एक प्रकारचे जुलाब असतात. त्यात निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून रोग्याच्या आतड्यात सोडतात. बरेच जण उठून बसतात. देणारा बहुतेकदा घरातलाच कुणीतरी असतो. मामांना नेमकं तेच झालं होतं का, ते मला आजही माहीत नाही. पण एक फोन करून विचारता आलं असतं. मी तो केला नाही, कारण मला हसू आलं होतं.

रविवारी खांबला उतरले. मामी दारात चांदीला पेंढा टाकत होत्या. मला बसवलं, पाणी दिलं. कसं सांगावं ते मला उमगेना. मी नुसतं म्हटलं, "मामी, मामांनी एकदा मला एक विचारलं होतं..."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "आधी मलाच इचारला व्हता. मी व्हय बोलले, माझा घ्या. म्हयनाभर मच्छी सोडली, तिखट सोडला. डोका फुटायची येळ आली तरी गोळी घेतली नाय. ह्ये बोलले, गोळीनं आतले मरतात. आपल्या मॅडमना इचारतो, मंग करू." त्यांनी फडताळातून एक थर्मास काढला. नवा कोरा, लेबलसुद्धा तसंच. "ह्यो आणला व्हता. चांदीच्या थर्मासात माझा कसा घालायचा? मंग ह्ये दवाखान्यातून आले न् बोलले, मॅडम हसल्या. म्हंजे माणसात होत नसंल. मॅडम शिकलेल्या हायेत."

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांच्यासाठी तेच बरं झालं असतं कदाचित. पण या माणसांशी मी आयुष्यभर शहाणपणा मिरवत वागले होते आणि त्याचं काय झालं, ते समोर होतं.

"होतं मामी," मी म्हटलं. "माणसात होतं. मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही."

बाहेर चांदी रवंथ करत होती.

"मंग ह्ये बराबर बोलत व्हते," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि तेच मला सोसवेना. मी तोंडावर हात धरून रडायला लागले. त्या जवळ आल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं 'मॅडम' सोडलं.

"रडतेस कशाला गो? तुला कुठं ठाव व्हता?"

मग त्यांनी पदराने थर्मासवरची धूळ पुसली आणि तो होता तिथे परत ठेवला.