भिंतीपलीकडे टाकलेले किडे

धायरीत आमच्या समोरच्या रो-हाउसमध्ये बद्रीनाथराव राहतात. मनुष्य तसा सज्जन. दारू नाही, तंबाखू नाही. व्यसन एकच: शेजारणीवर जळणं.

जन्मभर कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. समोर येईल त्या वस्तूतली खोट काढायची आणि ती बाजूला फेकायची, यावर संसार झाला. निवृत्तीनंतर फेकायला काही उरेना, म्हणून गच्चीत गुलाब लावले. फक्त गुलाब. कुंड्या एका मापाच्या, एका रांगेत. गवताची काडी दिसली की उपटलीच, मुंगी दिसली की औषधाचा पंप खांद्यावर. आमच्या भागातल्या बागप्रेमी मंडळाचा फिरता चषक वर्षानुवर्षं यांच्याच टीव्हीशेजारी मुक्कामाला. फिरता कसला, बसका!

गेल्या वर्षी तो उठला आणि गच्चीतली कमरेएवढी भिंत ओलांडून शेजारच्या विमलाबाईंकडे गेला.

विमलाबाई अकोल्याच्या. मुलगा आयटीत, म्हणून इकडे आल्या. त्यांच्या गच्चीला बाग म्हणायला बद्रीनाथरावांची जीभ रेटत नाही. फुटक्या बादलीत शेपू, थर्मोकोलच्या खोक्यात मोहरी, मध्येच झेंडू, मध्येच दोडका, तुळस तर कुठेही. कोथिंबीर फुलावर गेली तरी बाई उपटत नाहीत. त्यातच चार गुलाब, आणि तेही असे टवटवीत की बघणाऱ्याच्या पोटात दुखावं. दुखायचं एकाच्याच, ते सोडा.

चषक गेल्यापासून बद्रीनाथराव भिंतीकडे पाठ करून चहा घेऊ लागले. समोर मात्र दाढीचा आरसा टांगला. त्यात दाढी किती दिसते आणि दोडका किती, हे मला माझ्या गॅलरीतून छान कळायचं.

यंदा संक्रांतीच्या सुमाराला त्यांचे गुलाब कळ्यांनी लगडले. कळ्यांवर डाग नकोत म्हणून त्यांनी पंप बंद ठेवला, आणि लगेच पानांवर काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसू लागल्या. दिसायला अगदी चिमुकल्या मगरी.

बद्रीनाथरावांना कारस्थान उमगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर चिमट्याने एकेक अळी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गोळा करताहेत. डबा भरला की इकडे तिकडे बघून भिंतीपलीकडे रिकामा.

मी हाक मारली, "काय बद्रीनाथराव, कचरा टाकताय?"

"परत करतोय," ते म्हणाले. "ज्याचं त्याला. त्यांच्याच जंगलातून आलेत. खाऊ देत त्यांचे गुलाब!"

हा कार्यक्रम रोज चालला. आठवडाभरात एकही अळी उरली नाही. मात्र कळ्यांवर रस शोषणाऱ्या बारीक हिरव्या किड्यांचा मावा चढला, असा की कळ्या चिकट होऊन माना टाकू लागल्या. शेवटी पंप निघाला. मावा मेला, चार दिवसांत दुप्पट होऊन परत आला. पुन्हा पंप, पुन्हा मावा. आणि आरशात विमलाबाईंचे गुलाब बशीएवढे.

"बाई काहीतरी घालतात," बद्रीनाथराव मला म्हणाले. त्यांना झोप लागेनाशी झाली होती.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक म्हणून कल्याणी नावाच्या बाई आल्या. शेतकी कॉलेजात कीटकांविषयी शिकवतात. बद्रीनाथरावांचे चिकट गुलाब पाहून नुसतं "हं" म्हणाल्या. मग विमलाबाईंच्या मोहरीजवळ जाऊन चक्क मांडी घालून बसल्या.

"ढालकिड्याची, म्हणजे लेडीबगची पिल्लं! एवढी? अहो, मावा हेच तर यांचं जेवण. औषध मारलं की दोघंही मरतात. मावा लगेच वाढतो, त्याला खाणारे लवकर येत नाहीत. इथे मोहरीवर यांना मावा आहे, मोठ्या किड्यांना कोथिंबिरीची फुलं आहेत. तऱ्हेतऱ्हेचं आहे, म्हणून कुणी एकच माजत नाही. पण इतकी पिल्लं आणलीत कुठून?"

"मी कुठून आणू जी?" विमलाबाई म्हणाल्या. "भाऊच टाकतात ना रोज सकाळी भिंतीवरून! मले वाटलं, संक्रांतीचं वाण लुटून राह्यले."

बाई वाटतात तितक्या भोळ्या नसाव्यात, असा माझा जुना संशय आहे.

बद्रीनाथरावांचा चेहरा असा झाला की मला गॅलरीतला कठडा धरावा लागला. चषक पलीकडेच राहिला, ते एक वेळ पचलं असतं. पण मंडळाने त्यांना प्रमाणपत्र दिलं: उत्तम शेजारी. जाहीर कार्यक्रमात, टाळ्यांसकट. आणि ते द्यायला व्यासपीठावर विमलाबाई!

हल्ली पंप माळ्यावर आहे. गुलाबांच्या रांगेत एका कुंडीत कोथिंबीर फुलली आहे. विचारलं तर म्हणतात, "उपटायची राहिली." दुसऱ्या कुंडीत शेपू आहे, तोही राहिलाच असावा.

परवा सकाळी एक चिमुकली मगर त्यांच्या शेपूवरून उतरून भिंतीवर चढली आणि पलीकडे निघाली. बद्रीनाथराव चहा टाकून धावले.

"अहो विमलाबाई, हात लावू नका! ती आमची आहे!"