यशोदेला रंग पसंत पडेना

तोंडवलीत लवू बोसनाचं घर कोणी विचारलं, तर शहाणा माणूस घराचा रंग सांगत नसे. वाकडा माड सांगेल, विहीर सांगेल, शेजारच्या मथुरेचं भुंकणारं कुत्रं सांगेल, पण रंग नाही. दिवाळीत पिवळं पाहिलेलं घर नाताळात निळं झालेलं, आणि निळं घर शोधत आलेला कुरिअरवाला हिरव्या भिंतीसमोर गाडी थांबवून डोकं खाजवत उभा, असे प्रकार झाले होते. दशावतारातला नटसुद्धा एवढ्या वेळा तोंड रंगवत नाही.

आणि या सगळ्याचं खापर गावानं फोडलं ते लवूच्या बायकोवर, यशोदेवर. त्यात पुढाकार अर्थातच मथुरेचा. दोघींच्या घरांमध्ये एकच दगडी गडगा. गडगा कमरेएवढा, पण त्यावरून पलीकडे जाणाऱ्या बातम्या माडाएवढ्या.

"घो बिचारो शिडयेर चढान राबता," मथुरा भेटेल त्याला सांगायची, "नि ही खाली कमरेर हात ठेवन उभी. ह्यो नको, तो नको! हिका इंद्रधनुष्य आणून दिल्यान तरी म्हणात, ह्येच्यात एक रंग कमी आसा."

यशोदेच्या कानावर हे येत होतं. खरं कारण सांगितलं असतं तर मथुरेनं ते देवगडपर्यंत पोचवलं असतं. तुम्हाला म्हणून सांगतो: यशोदेला रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला नवऱ्याला घरात अडकवून ठेवायचं होतं.

लवू मालवाहू बोटींवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. लग्न झाल्यापासून हा माणूस यशोदेनं हप्त्याहप्त्यानं पाहिलेला. तो बोटीवर असताना तिनं मुलगी वाढवली, सासूचं दुखणं काढलं, चिऱ्याचं घर बांधून घेतलं, गवंड्यांशी भांडली, कौलं मोजून घेतली. भिंतींना दरवर्षी चुना. पांढरा. त्यात विचार करायला जागाच नव्हती.

लवूची शेवटची सफर मात्र तिच्या जिवाला लागली. मालक बुडाला की पळाला ते देव जाणे, पण बोट एका परक्या बंदराबाहेर नांगरून ठेवली ती ठेवलीच. पगार नाही, डिझेल नाही, उतरायची परवानगी नाही. सव्वा वर्ष! सुरूच्या बनाच्या टोकाला फोनची रेंज बरी मिळते म्हणून यशोदा तिथं जाऊन बसायची, आणि लागलाच फोन तर लवू म्हणायचा, "मी बरो आसंय. तू जेवलंस?" एवढंच. तो परत आला तेव्हा त्याचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. यशोदेनं देवाला नारळ दिला आणि म्हटलं, संपलं एकदाचं.

संपतंय कुठलं! पंधरवडा झाला नसेल, मुंबईच्या एजंटाचा फोन. आखातात मोठी जहाजं ओढणारी टगबोट, नऊ महिन्यांचं काम. लवू पडवीत ताठ उभा राहून बोलला आणि आत येऊन म्हणाला, "एकच सफर, गो. ही शेवटची."

यशोदा पळी हातात घेऊनच चुलीपुढून उठली. "जाव नकात" हे दोन शब्द तोंडाशी आले होते. पण इतकी वर्षं जे कधी म्हटलं नाही, ते आता कसं म्हणायचं? तोंडातून निघालं ते भलतंच.

"घराची कळा बघलास? दुसऱ्यांच्या बोटी रंगवल्यात जन्मभर. आपल्या घराक रंग लावा नि मगे खंय जावचा ता जावा."

"बरां," लवू म्हणाला. "घर रंगवन जातंय."

आणि बोसनाचा शब्द म्हणजे शब्द. अर्धा रंगवलेला डेक टाकून तो कधी बोटीवरून उतरला नव्हता. यशोदेला तिथंच वाट सापडली. घर पुरं होईपर्यंत नवरा हलणार नाही. मग घर पुरं होऊच द्यायचं नाही!

पहिला पिवळा. सोनचाफ्यासारखा, सकाळच्या उन्हात नुसता हसणारा. लवूनं शिडीवरून विचारलं, "कसो वाटता?" यशोदेला तो इतका आवडला की तिला मान दुसरीकडे फिरवावी लागली. "हळदीक बसल्यासारखा वाटता," ती म्हणाली. "रोज कोण लगीन करतला?"

मग निळा. "घरात बसलंय काय डेकार, ताच कळना नाय." मग हिरवा. मग अबोली, आणि तो तर असा की संध्याकाळी माजघरात फुलांच्या गजऱ्याचा उजेड पडल्यासारखं वाटायचं. यशोदा तडक विहिरीवर गेली, रिकामी कळशी दोनदा भरली, दोनदा ओतली, आणि परत येऊन म्हणाली, "डोळ्याक टोचता."

आचरा तिठ्यावरचा रंगांचा दुकानदार गुरुदास आता तिला लांबून पाहूनच हात जोडायचा. "वयनीनू, कंपनीन अजून नवे रंग काढूक नाय. थोडी कळ काढा."

तुम्ही म्हणाल, बाई मजेत होती. कसली मजेत! जेवताना उठून ती रंगाचे डबे हलवून बघायची, किती उरलाय. लवूचा फोन वाजला की, एजंटच असणार म्हणून, चुलीपुढून धावत दारापर्यंत यायची आणि केरसुणी शोधायला आल्यासारखं करायची. लवूही आताशा धड बसत नव्हता. पडवीत येरझारा घालायचा, मधेच थांबून उजवा हात उलटासुलटा करून बघायचा. यशोदेला वाटायचं, ह्याच्या हाताला दोर आठवतायत. मग ती आणखी घाईनं पुढच्या रंगात खोड काढायची.

शेवटी तिनं मुलीला फोन लावला. तन्वी पनवेलला असते, नव्या इमारतीत. तिला खरं काय ते ठाऊक नव्हतं. तिनं आईला व्हिडिओवर आपलं घर फिरवून दाखवलं आणि वर प्रवचन दिलं. "आई, रंगानं मूड सेट होतो गं. निळ्यानं शांत वाटतं, पिवळ्यानं उत्साह येतो. आणि एका भिंतीला वॉलपेपर लाव. सगळ्या घराचा मूडच बदलतो."

"मूड म्हणजे काय ता?" मागून लवूनं विचारलं.

"मूड म्हणजे तुमचो पारो," यशोदा म्हणाली, "चढता-उतरता तो."

वॉलपेपर! यशोदेला नवं घबाड मिळालं. कागद आला कुरिअरनं. उलगडून पाहतात तर त्यावर समुद्र, आणि समुद्राकाठी वाकलेले माड.

मथुरा गडग्यावरून अर्धी आत आली होती. "अगो, दार उघडलंस तर दर्या, खिडकी उघडलंस तर माड! आता भिंतीर पण? पाण्याक जातलंस तेव्हा खंयच्या दर्यात पाय बुडवतलंस, बघ हां!"

पण लवूनं काम केलं ते बोसनासारखं. माजघरातली भिंत खरवडली, सुकू दिली, अस्तर दिलं, खळ घोटली आणि कागद असा चिकटवला की जोड शोधून सापडेना. समुद्र अखंड. लवू दोन पावलं मागं सरला. यशोदेनं तोंड उघडलं, पण खोड काढायला जागाच उरली नव्हती.

"बघूया टिकता काय," एवढंच ती म्हणाली.

"टिकलो तर ऐतवारी एजंटाक होय म्हणान सांगतंय," लवू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लवू मासळी बघायला किनाऱ्यावर गेला, आणि यशोदेनं काय करावं? लग्नकार्याचा मोठा टोप काढला, स्टोव्ह उचलून माजघरात आणला, थेट त्या कागदाच्या समुद्राखाली, आणि उकड्या तांदळाची पेज चढवली. झाकण न ठेवता! वाफ भिंतीवर चढत होती आणि ही बया पदरानं घाम पुसत, दाराकडे एक डोळा ठेवून, येरझारा घालत होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. एवढी पेज कोण खाणार म्हणून मथुरेच्या गाईला घातली, तेव्हा मथुरेला संशय आला की यशोदेला काही बाहेरचं लागलंय.

तिसऱ्या दिवशी कागदाचा खालचा कोपरा सुक्या बोंबलासारखा वळला. यशोदेनं त्याला नखानं थोडा हात दिला.

लवू आला. हातातली मासळीची पिशवी तशीच. त्यानं कोपऱ्याला बोट लावलं. यशोदा ओरडा ऐकायच्या तयारीत होती. लवू ओरडला नाही. तो खाली बसला.

"खळ बरोबर होती," तो म्हणाला. "भिंत सुकी होती. म्हणजे माझोच हात गेलो."

"कागदच वायट आसा," यशोदा घाईनं म्हणाली.

"नाय गो." तो हाताकडेच बघत होता. "त्या बोटीर रंग नव्हतो, यशोदे. एक डबो नव्हतो. गंजाचे पापुद्रे चायत पडत, नि मी बोसन, नुसतो बघी. तेव्हाच वाटलां, हात गेलो. घराक येवन तुझ्यासाठी पयलो पिवळो काढलंय. तुका आवडलो नाय. निळो नाय. अबोली येवढो जीव लावन काढलंय, तो तुझ्या डोळ्याक टोचलो. म्हणान टगबोटीर जावचा म्हणतंय. थंय कप्तान तरी सांगतलो, हात शिल्लक आसा काय नाय तो."

यशोदेनं भिंतीला हात टेकला. ज्या दोरानं ती त्याला घराला बांधू पाहत होती, तोच दोर त्याला बोटीकडे ओढत होता. प्रत्येक "नको" बरोबर तिनंच त्याला एकेक पाऊल दर्याकडे ढकललं होतं.

"पेज मी शिजवलंय हयसर," ती म्हणाली.

"खंय?"

"ह्या कागदाच्या खाली. दोन दिवस. वाफ लागाक व्हयी म्हणान."

लवूला काही कळेना. "कित्याक?"

"तुमी जातलास म्हणान! घर पुरा झाला तर जातलास म्हणान!" तिचा आवाज इतका चढला की पलीकडे कुत्रं भुंकायचं थांबलं. "जाव नकात. मेल्या त्या बनात बसान फोनाची वाट बघूची ताकद नाय आता माका."

लवू उठला. बाहेर गेला. अंगणात एक फेरी, मग दुसरी. गडग्यापलीकडून मथुरेनं विचारलं, "काय वो भावजी, आता कसलो रंग?" त्यानं तिसरी फेरी धरली. यशोदा दाराआड उभी. मासळीच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं, ते पुसायचं भान दोघांनाही नव्हतं.

तो उंबऱ्यावर येऊन थांबला. तोंड अजून घट्ट.

"पिवळो?"

"बरो होतो."

"निळो?"

"तो पण बरो."

"अबोली?"

"अबोली बघून माका रडू इला. विहिरीर जावन रडलंय."

"नि हिरवो?"

यशोदा अडखळली. आता एवढं सगळं गोड बोलून झालंय, तर तेवढं एक दडपून न्यावं, असं तिच्या मनात आलं. पण जमेना.

"हिरवो मात्र वायट होतो हां. सरकारी दवाखान्यात निजल्यासारखा वाटायचा."

लवू असा हसला की त्याला चौकट धरावी लागली. त्या एका वाईट हिरव्यामुळे त्याला बाकीचे तिन्ही खरे वाटले. नुसतंच "बरो, बरो" ऐकलं असतं तर बोसनानं विश्वास ठेवला नसता. रंगातलं त्यालाही कळत होतं.

त्यानं एजंटाला फोन लावला, आणि सरकारी कचेरीत उभा असल्यासारखं बोलला. "साहेब, बोसन लवू बोलतोय. नाही, तब्येत चांगली आहे. मला यायला जमणार नाही. दुसरा माणूस बघा. नाही, पुढच्या वेळीही नको." फोन खिशात टाकताना त्याची नजर किनाऱ्याकडे गेलीच. यशोदेनं ती पाहिली आणि पाहिली नाही असं केलं.

मग लवूनं उरलेला कागद टरकन ओढून काढला आणि रंगांचं कार्ड तिच्या हातात दिलं.

"आता खरां सांग. तुका कसलो रंग व्हयो?"

यशोदेनं कार्ड उलटसुलट केलं. चार रंगांना नावं ठेवताना तिची जीभ कधी अडली नव्हती. पण आपल्याला काय हवंय, हे तिला उभ्या आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं आणि तिनंही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पिवळा म्हणावं तर अबोली आठवायचा. अबोली म्हणावं तर माजघरात सकाळी पिवळाच बरा. ती कार्ड घेऊन माजघरात गेली, भिंतीला लावून बघितलं. तिथून स्वयंपाकघरात, तिथून पडवीत, उन्हात एक दिसे, सावलीत दुसरं. परत आत.

"काय गो," गडग्यावरून मथुरा, "ठरलो काय एकदाचो?"

"थांब गे! माका बघूक दी!"

लवू पायरीवर बसला होता, शेजारी कोरडा ब्रश. "यशोदे, दिवस कलंडलो."

"कलंडांदे!" आतून कुठूनसा आवाज आला, आणि पाठोपाठ तिची पावलं पुन्हा स्वयंपाकघराकडे.