मारोतरावांनी ठोकलेली छपरं

मारोतराव भोयर माणसांना चेहऱ्यावरून कमी आणि छपरावरून जास्त ओळखत. कुणी पाया पडायला आलं की ते डोळे बारीक करून विचारत, "तू कोन रे बाप्पा?" नाव सांगूनही उजेड पडत नसे. मग सोबतचा कुणी म्हणे, "अठरा टिनांवाल्याचा धाकटा." तेव्हा कुठे मारोतरावांचा चेहरा खुले. "अस्सं! तुमच्या वळचणीचं एक टीन पानी धरत होतं. आता कसं हाय?"

दिग्रसच्या अलीकडे, डांबरी सडक सोडून कोसभर आत धानोरी आहे. तिथली कवेलूची, म्हणजे कौलारू घरं एकेक करून टिनांखाली आणली ती या एकट्या मिस्तरीने. छप्पर पुरं झालं की ते अनवाणी आढ्यावर चढत, तीन उड्या मारत आणि वरूनच घरमालकाला सांगत, "घर उडन, पन टीन नाही उडत!"

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणून लोकांनी कापूस घरातच धरून ठेवला होता. दिवाळी गेली, होळी गेली. कापूस आतल्या खोलीत आणि माणसं ओसरीवर, अशी गावाची राहणी झाली. अंगाला खाज सुटायची, पण भाव काही सुटत नव्हता.

वैशाखातल्या एका दुपारी वावधन आलं. पावसाचा थेंब नाही, नुसतं वारं. गावावरून ते गिरकी घेत गेलं. मारोतरावांच्या पत्नी इंदूबाई चहा गाळत होत्या; दुसरा कप भरेपर्यंत सगळं आटोपलंही. बाहेर येऊन पाहतात तो बाभळींना कापूस लोंबतोय, देवीलाल राठोडची काळी म्हैस पांढरी झालीय आणि टिनं पार नाल्यापलीकडे जाऊन पडलीत. कुणाला साधं खरचटलं नव्हतं, म्हणून लोकांना हसायला सवड होती.

वीस घरांची टिनं उडाली. विसावं घर खुद्द मारोतरावांचं.

संध्याकाळी पारावर देवीलालने तोंड उघडलं. "मिस्तरी, घर उडन पन टीन नाही उडत, असंच म्हनत होते नं तुमी? माह्यं घर तं जागीच हाय जी!"

पार हसला.  मारोतरावांच्या डोक्यावरच आभाळ दिसत होतं, बोलणार कोणत्या तोंडाने? हसता हसता ठरून गेलं, की आता कामाला दिग्रसचा मिस्तरी आणायचा. त्याला आणायला जीप सकाळी निघणार होती.

इंदूबाई एरवी नवऱ्याच्या प्रत्येक फजितीवर दोन वाक्यं बोलल्याशिवाय राहत नसत. त्या दिवशी मात्र मुकाट्याने भाकर वाढून बाजूला झाल्या.

सकाळी जीप निघण्याआधीच मारोतराव शिडी घेऊन देवीलालच्या छपरावर चढले. वाऱ्याने ओढलेलं टीन बल्लीच्या लाकडाला धरून ठेवणाऱ्या हुकापाशी फाटतं आणि तुकडा हुकात राहतो, हे त्यांना पाठ होतं. इथे फाटलेलं काही नव्हतं. बल्लीत हुक नव्हते. मागच्या कोपऱ्यात टीन दाबायला ठेवलेले चार दगड तेवढे भिंतीच्या माथ्यावर होते. आणि खाली कापसाची खोली. शेजारच्या छपरावरही तेच: मागचा कोपरा, दगड, खाली कापूस.

ते खाली उतरले, तडक देवीलालच्या घरात शिरले, हुक शोधत कोनाडे धुंडाळले आणि डालड्याचा डबा घेऊन बाहेर आले. आत त्यांचेच हुक होते, नट-वायसरसकट.

"देवीलाल," ते गरजले, "वारं टीन उडवते, हे मले मान्य. पन त्यानं नट खोलून, वायसर चढवून, डब्यात कसे भरले? अन् पाना कुठून आनला त्यानं?"

जीपजवळची माणसं धावत आली. देवीलालची बायको सोनीबाई पदर तोंडात कोंबून उभी होती. मारोतरावांनी एक नट उन्हात धरला आणि ते एकदम थांबले. नटाच्या कडांवर दोन जवळजवळचे ओरखडे होते. तसे ओरखडे पाडणारा, दात तुटलेला पाना गावात एकच होता, आणि तो रोज त्यांच्या स्वतःच्या उशाशी असे.

"बोला नं मिस्तरी!" देवीलाल म्हणाला.

मारोतरावांनी नट डब्यात टाकला. "काही नाही. जा तुमी, आना दिग्रसचा मिस्तरी."

तेवढ्यात मागून इंदूबाई पुढे आल्या. "कायले आनता? पाना माह्या घरून गेलता. म्याच देल्ला."

 मग त्यांनी पदर खोचून सांगितलं, "कापूस दारातून कोंबला तं खोली अर्धीच भरे. आढ्यापावतर भरायचा तं वरूनच टाका लागे. यायले टीन काढा म्हनलं तं म्हनत, 'पुढच्या हप्त्यात पाहू.' म्या माह्यं टीन खोललं. मंग सोनीबाई पाना घेऊन गेली. मंग तिची ननंद. मंग कोन कोन ते मले ठाव नाही, दोन महिने पाना फिरून राह्यलाता."

"अन् पाना गेला हे मले कसं समजलं नाही?" मारोतरावांनी विचारलं.

"तुमी झोपता दुपारचे."

देवीलाल बायकोकडे वळला. "तू छपरावर चढली? म्या कुठं होतो तवा?"

"पारावर," सोनीबाई म्हणाली. "भाव कवा येते ते पाहत होते तुमी."

 जीपवाल्याने आपणहून जीप मागे घेतली.

काम दुपारीच सुरू झालं, पहिलं घर देवीलालचं. मारोतराव वर, इंदूबाई शिडीवरून हुक देत होत्या. चौथं टीन बसल्यावर इंदूबाईंनी नुकत्याच बसवलेल्या एका नटाला सहज बोट लावलं. नट गरकन फिरला.

"अवो, हा ढिला हाय. याले खोलाले तं पानाबी नाही लागत."

मारोतरावांनी खाली नजर टाकली.

"हळू बोल नं व," ते कुजबुजले. "देवीलाल खालीच उभा हाय."