रविवार घरी आला तेव्हा

प्रत्येक चर्चमध्ये रविवारी दोन उपासना होतात. एक आत, बाकावर बसून. दुसरी बाहेर, चपला शोधता शोधता. पहिलीतला उपदेश मंगळवारपर्यंत विसरतो माणूस, पण दुसरीतले किस्से? ते माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे साठतच जातात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही!

अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन मी नगरकडून मुळशीत आले, तेव्हा आमचं चर्च म्हणजे पत्र्याचा एक लांबट हॉल. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, दहाची उपासना. वर्षानुवर्षं तस्संच. मग हिंजवडीत कंपन्या आल्या, बावधन-मारुंजीला फ्लॅट झाले, त्यात आमच्यातलीही नवी कुटुंबं राहायला आली, आणि आमच्या एकट्या पाळकसाहेबांवर तीन-तीन ठिकाणं सांभाळायची वेळ आली. झालं! तिथून माझा माळा भरायला लागला.

*

पहिल्यांदा बदलली वेळ. दहाची उपासना आठला.

दानिएलकाका आमचे तबलजी. पाळकसाहेबांनी महिनाभर सूचना दिली, काकांनी प्रत्येक सूचनेला मान डोलावली, आणि त्या रविवारी थाटात आले ते दहालाच! आत शेवटचा आशीर्वाद चालू होता. काका तबल्याशी बसले, सवयीनं हातोडीचे दोन ठोके दिले, तोवर आम्ही "आमेन" म्हणून उठलोसुद्धा.

बाहेर येऊन काकांनी पाळकसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला.

"साहेब, आजचा उपदेश लई आवडला. एकदम आटोपशीर!"

*

मग आला प्रोजेक्टर. आयटीतल्या पोरांनी हौसेनं आणला. गाण्यांची पुस्तकं बाकाखाली गेली आणि गाणी भिंतीवर चढली. तीही इंग्रजी अक्षरांत!

आता माझं इंग्रजी म्हणजे दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतं. पण आवाज मोठा. लिहिलेलं होतं "धन्य, धन्य". मी वाचलं "धान्य, धान्य", आणि डोळे मिटून, अगदी मनापासून, पट्टी चढवून गायले.

शेजारी सासूबाई. त्यांनी पदराआडून कोपरानं ढोसलं.

"अगं एस्तेर, रेशन आलंय का?"

*

त्याच प्रोजेक्टरची अजून एक गंमत. ऐन कडव्यात लाइट गेली. भिंत कोरी! शब्द कुणालाच पाठ नव्हते, त्यामुळे सगळे तोंड उघडं ठेवून तसेच उभे.

सासूबाई म्हणाल्या, "घ्या! आता देवाला बी लोडशेडिंग."

*

पण खरा बदल त्यानंतरचा. पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार चर्च बंद. त्या दिवशी कुणाच्या तरी घरी जमायचं, शास्त्र वाचायचं, प्रश्न विचारायचे, प्रार्थना करायची. घरसभा!

पहिली घरसभा मारुंजीला, एका भाड्याच्या वन बीएचकेत. आता बसायचं कसं? सवयीप्रमाणे पुरुष हॉलमध्ये बसले. मग बायका कुठं? किचनमध्ये! मधल्या दारात पाळकसाहेब. एक वाक्य हॉलला, एक वाक्य किचनला, टेबलफॅनसारखी मान फिरतेय. आम्हाला अर्धाच उपदेश मिळाला. पाप कळलं, त्यावरचा उपाय हॉलमध्ये राहिला!

*

त्याच घराची बेल घरमालकानं बसवलेली. दाबली की अख्खी आरती वाजायची. आमची मंडळी काय, एकेक करत उशिराच येणार. प्रार्थनेत "हे प्रभू" म्हटलं, की बाहेरून आरती! घरातली बिचारी सूनबाई लाजून लाल झालेली.

एवढ्या चपला बघून शेजारच्या ताई डोकावल्या. "भिशी आहे का हो? माझं पण नाव घाला ना!"

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "घालतो की ताई. पण इथं नंबर लागायला अख्खं आयुष्य जातं."

*

घरसभेत अभ्यास घ्यायची पाळी सगळ्यांवर यायची. माझ्यावर आली तेव्हा मी योनाची गोष्ट घेतली. देवानं एकीकडे जा म्हटलं, हा पळाला दुसरीकडे, मग मोठ्या माशानं त्याला गिळलं. आठवडाभर तयारी केली. कमरेवर हात ठेवून बाईंसारखं विचारलं, "योनाच्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?"

दानिएलकाका म्हणाले, "आधी सांग, मासा कुठला व्हता? धरणातला का समुद्रातला?"

संपलं! धरणातल्या माशाला चव असते की नाही, यावर दोन गट पडले. मी हातात बायबल धरून नुसती बघतेय.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी भर चर्चमध्ये विचारलं, "काका, योनापासून काय शिकलात?"

"धरणाचा मासा असंल तर कोकमाचं आगुळ जास्त घालायचं!"

*

आता शेवटचा. हा सासूबाईंचा.

आईंना घरसभा मान्यच नव्हती. प्रोजेक्टर चालला, आठची वेळ चालली, पण हे नाही. "घरात प्रार्थना आपण रोजच करतोय. रविवारी देवानं आपल्याकडं यायचं नस्तं, आपण त्याच्याकडं जायचं अस्तं."

घरसभेच्या रविवारी त्या पांढरी साडी नेसायच्या, गाण्यांचं पुस्तक घ्यायच्या आणि बंद चर्चच्या पायरीवर एकट्याच जाऊन बसायच्या. मी म्हटलं, "आई, अहो कुलूप आहे तिथं."

"कुलूप माणसांना हाय. त्याला न्हाई."

एकदा मीच चिडले. म्हटलं, त्या वाटेवर असं आहे तरी काय? तर साडीच्या निऱ्या करता करता म्हणाल्या, "तुजे सासरे आन मी, आमी जोडीनं दुसरीकडं कुटं गेलोच न्हाई. ते पुडं, मी मागं. चर्च येस्तोवर."

सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

आणि मग आमच्या घरची पाळी आली. आता आमच्याच घरी सभा, आणि घरातलं सगळ्यांत मोठं माणूस पायरीवर? यांना म्हटलं, "तुम्ही बोला आईशी." हे म्हणाले, "तू बोल, तुझं ऐकते ती." दोघंही बोललो नाही!

रविवारी मी उठल्यापासून पोह्यांच्या नादात. बघते तर आई पांढऱ्या साडीत, पुस्तक हातात, चपला घालून निघालेल्या.

"आई, आज तरी..."

"येळ झालीया," म्हणाल्या आणि गेल्या.

मंडळी जमली. "आई दिसत नाहीत?" प्रत्येकानं विचारलं. मी प्रत्येकाला हसून चहा दिला. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं, पुस्तक उघडलं, आणि दारात टकटक झालं.

आई! उन्हानं चेहरा लाल झालेला, कपाळावर घाम. चर्चपर्यंत जाऊन, तिथून वळून आल्या होत्या. चपला बाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि स्वतःच्याच उंबऱ्यावर उभ्या राहून मला म्हणाल्या, "सलाम. जागा हाय का?"

मी बाजूला झाले. त्या डावीकडे, भिंतीशी जाऊन बसल्या. मनापासून गायल्या. मी मात्र किचनमध्येच. पोहे, चहा, पुन्हा चहा, साखर संपली, कप विसळ.

शेवटचं आमेन झालं. आई उठल्या, पाळकसाहेबांना सलाम केला, बायकांना सलाम केला, चपला घातल्या आणि चालायला लागल्या.

"अहो आई, कुठं निघालात?"

"घरी!"

मंडळी पांगली, कप धुऊन झाले, तेव्हा कुठं चर्चची वाट चालून परत आल्या. पुस्तक फळीवर ठेवलं, पाणी प्यायल्या आणि शांतपणे माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लई चांगली झाली आज उपासना. तू आली न्हाईस व्हय?"