परत आलेली पाळी

रोहण्याच्या आनंदाबाईला बावन्नाव्या वर्षी पाळी परत आली, आणि घरात जो घोळ सुरू झाला तो काही निस्तरेना.

सहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा बाईचा जीव सुटल्यासारखा झाला होता. महिन्यातून चार दिवस छपरीत पोत्यावर बसायचं, कशाला शिवायचं नाही, लांबून सरकवलेल्या ताटात जेवायचं, ते सगळं संपलं होतं. लोणच्याची बरणी, पाण्याची मडकी, देवघर, सगळं तिचं झालं होतं. आणि २००३ च्या दिवाळीनंतर हे. शेजारची धुरपता म्हणाली, "तुले जवानी आली वो परत," आणि पदराआड हसली. आनंदाबाईही हसली. मग तिला कळेना, की हे हसण्यासारखं आहे की नाही.

बाई भारी नेमाची. पाळी आली ना, मग छपरी. चार दिवस बसली, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, चुलीपाशी जाऊन भाकर थापायला बसली आणि अर्ध्या भाकरीवरून उठली. परत डाग. आता हा जुन्याचाच पाचवा दिवस, की नव्याचा पहिला? विचारावं कोणाला? नवऱ्याला, नत्थूजीला, विचारण्यात अर्थ नव्हता; त्या माणसाला घरात साखर कुठं असते हेही ठाऊक नव्हतं. अर्धवट थापलेल्या भाकरीचं काय करावं, यातच सासू-सुनेचा अर्धा तास गेला. शेवटी ती गाईला घातली. गाईला चालते का, हेही कोणाला माहीत नव्हतं.

एकदा तर सून वर्षालीही त्याच वेळी बाजूला बसली. दोघी छपरीत दोन पोत्यांवर, आणि आत नत्थूजी डबे उघडून पाहतोय. जिऱ्याऐवजी ओवा टाकून त्यानं खिचडी केली. सगळे पोट धरून हसले. आनंदाबाईनं पोट धरलं ते दुखत होतं म्हणूनही, पण ते तिनं सांगितलं नाही.

जानेवारीत शाळेत बायांच्या तपासणीचा कॅम्प लागला. नर्सबाई कांता घरोघरी सांगत फिरली: तिशीच्या पुढच्या सगळ्या बायांनी या, काही होत नसलं तरी या, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर बाई वाचते. जाता जाता म्हणाली, "पाळी चालू असन त्या बाईनं मात्र आता येऊ नये, पाच दिवस झाल्यावर यावं." सांगण्यात काही चूक नव्हती. आनंदाबाईनं छपरीतून ऐकलं आणि मान हलवली. वर्षाली गेली, धुरपता गेली, दोघींचं काही निघालं नाही. जिनं सगळ्यांच्या आधी पळत जायचं, ती बाई सांगितलेलं ऐकून घरी बसली. मला अजून राग येतो. पण काढावा कोणावर?

महिन्यानं कॅम्प परत आला, तेव्हाही ती बाजूला. उन्हाळ्यात तिसऱ्यांदा आला तेव्हा कांता यादी घेऊन दारातच उभी राहिली.

"काकू, तीन खेपा झाल्या. काऊन येत नाई तुम्ही?"

"मी बाजूले आहो वो."

"किती दिवस झाले?"

आनंदाबाई बोटं मोजू लागली. दिवाळीपासून मोजायचं की परवापासून, तिला ठरवता येईना. "मधात दोन-दोन दिवस चांगली राह्यतो," ती म्हणाली.

"वय किती तुमचं? अन् पाळी गेलती कधी?"

"बावन्न. सहा वर्षं झाले असन जाऊन."

कांता खाली बसली आणि तिनं सरळ आनंदाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. आनंदाबाईनं अंग चोरलं. इतक्या महिन्यांत तिला कोणी हात लावला नव्हता.

"काकू, एकदा गेलेली पाळी अशी परत येत नाई. हे दुसरं काही आहे. आत्ताच्या आत्ता चाला."

डॉक्टरीणबाईनं तपासलं, तुकडा काढून पाठवला. कॅन्सरच निघाला. नागपूरला दीड महिना शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागला. दिवाळीनंतर लगेच आल्या असत्या तर थोडक्यात भागलं असतं, असं तिथली डॉक्टरीण म्हणाली; आताही बऱ्या व्हाल, असंही म्हणाली. नत्थूजी बाहेर बाकावर बसून रडला. आनंदाबाईला रडू आलं नाही. ती भलत्याच ठिकाणी अडकली होती.

"म्हणजे ते पाळी नव्हतीच का?"

"नव्हती."

"एक दिवस बी नाई?"

"एकही दिवस नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही. बाईच्या डोक्यात काही शिरत नाही, असं तिथल्या लोकांना वाटलं. पण शिरलं होतं.

तिची मोठी जाऊ वच्छलाबाई ब्याण्णव साली गेली. तिलाही अशीच पाळी परत आली होती. अकरा महिने ती त्याच छपरीत, त्याच कोपऱ्यात होती, आणि तिचं ताट आनंदाबाई लांबून सरकवायची. शेवटी तिला उठवत नव्हतं, तेव्हा पाणी वरून ओतायची, भांडं ओठाला लागू नये म्हणून. एकदा वच्छलाबाई म्हणाली होती, केस विंचरून दे वो. आनंदाबाई म्हणाली होती, "पाचव्या दिवशी देतो." तो पाचवा दिवस कधी आलाच नाही.

आनंदाबाई नागपूरहून परतल्यावर पितृपक्षात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. शेकानंतर आनंदाबाईला अजून अधूनमधून डाग दिसायचा. त्या सकाळीही दिसला, आणि धुरपतानं दोरीवरचं लुगडं पाहिलं. आनंदाबाई आंघोळ करून थेट स्वयंपाकघरात गेली आणि स्वतःच्या हातानं पान वाढायला लागली.

धुरपता दारातून म्हणाली, "बाई, तू तर बाजूले आहे ना?"

"नाई," आनंदाबाई म्हणाली. तिनं वरणावर तूप सोडलं. "अन् वच्छलाबाई बी नव्हती."

मग तिनं पानाशेजारी तेलाची वाटी आणि फणी आणून ठेवली.